जुना मॉनिटर घेताना स्क्रीन कशी तपासायची: घरच्या तयारीपासून पहिल्या आठवड्यापर्यंत

सेकंड हँड मॉनिटर बघायला गेलं की बहुतेक वेळा काय होतं, दुकानदाराने स्क्रीन आधीच चालू करून ठेवलेली असते, तिच्यावर समुद्राचा नाहीतर रंगीत पक्ष्यांचा झगमगीत व्हिडिओ चालू असतो, आपण दोन मिनिटं समोर उभे राहतो, "कलर मस्त आहेत" म्हणतो आणि पैसे देतो. घरी आणून वर्डची फाइल उघडली की मग कळतं, पांढरं पान गुलाबी दिसतंय, कोपरा काळवंडलाय, अक्षरं पुसट आहेत. आणि याच्या उलटही होतं, चांगला मॉनिटर फक्त व्हीजीए (जुन्या ॲनालॉग) केबलवर चुकीच्या रिझोल्यूशनला लावला होता म्हणून "ब्लर आहे" म्हणत लोक सोडून येतात.

दोन्ही चुकांचं कारण एकच, तपासायचा क्रम. जे बटण दाबून सुधारतं त्याच्यावरून आपण निकाल देतो आणि जे कधीच सुधारणार नाही ते बघायचं राहून जातं. म्हणून सुधारण्यासारखं सगळं आधी सुधारून घ्यायचं आणि त्यानंतर जे खराब उरेल त्यावरून ठरवायचं. खालचा सगळा क्रम तेवढ्यासाठीच आहे. हे सगळं एलसीडी मॉनिटरबद्दल आहे, म्हणजे ऑफिसच्या लॉटमधून येणारे १७ ते २७ इंची, लॅमिंग्टन रोड असो, तपकीर गल्ली असो की ओएलएक्सवरचा कोणाचा घरगुती असो.

१) घरी करायची तयारी

विकणाऱ्याकडून आधी मॉनिटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो मागवा. त्यावर मॉडेल नंबर असतो आणि बऱ्याचदा बनवल्याचा महिना आणि वर्षही. मॉडेल नंबरवरून तीन गोष्टी शोधून लिहून घ्या: मूळ रिझोल्यूशन, पॅनेल कुठलं (टीएन, आयपीएस की व्हीए, हे एलसीडीचे तीन प्रकार, फरक पुढे कोनाच्या तपासणीत येईल), आणि मागे पोर्ट कोणते.

मूळ रिझोल्यूशन नुसत्या इंचावरून धरू नका. १७ आणि १९ इंची चौकोनी बहुतेक १२८० बाय १०२४ असतात, १८.५ इंची १३६६ बाय ७६८, २० इंची बरेचसे १६०० बाय ९००, पण २२ इंचीत जुने १६८० बाय १०५० असतात आणि २१.५ इंची १९२० बाय १०८०. २४ इंचीतसुद्धा १९२० बाय १२०० आणि १९२० बाय १०८० असे दोन्ही सापडतात.

सोबत काय न्यायचं: स्वतःचा लॅपटॉप चार्जरसकट, स्वतःची एचडीएमआय केबल, एचडीएमआय ते डीव्हीआय केबल (जुन्या मॉनिटरला बऱ्याचदा व्हीजीए आणि डीव्हीआय एवढंच असतं), मायक्रोफायबर कापड, आणि एक गडद रंगाची चादर. चादर का ते पुढे येईल.

सावधान: २७ इंची २५६० बाय १४४० चा जुना मॉनिटर असेल तर डिस्प्लेपोर्ट किंवा ड्युअल लिंक डीव्हीआय लागतं. साध्या एचडीएमआय ते डीव्हीआय केबलवर तो पूर्ण रिझोल्यूशन दाखवणार नाही आणि तुम्ही पॅनेलला दोष देत बसाल.

आता टेस्टची चित्रं. दुकानात नेट मिळेलच असं नाही, म्हणून घरीच बनवून ठेवा. पेंटमध्ये कॅनव्हास मॉनिटरच्या मूळ रिझोल्यूशनएवढा घ्यायचा आणि ही चित्रं करायची:

– पूर्ण काळं, पूर्ण पांढरं, पूर्ण लाल, हिरवं, निळं.
– मधला राखाडी, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही १२८. आणि एक गडद राखाडी, तिन्ही ४०.
– काळ्यावर चार चौकोन: तिन्ही रंग ५, मग १०, १५, २०.
– पांढऱ्यावर चार चौकोन: २५२, २५०, २४५, २४०.
– एक पिक्सेल काळा, एक पांढरा असा बारीक बुद्धिबळाचा पट. झूम करून चार पिक्सेल रंगवा आणि कॉपी पेस्ट करत दुप्पट दुप्पट वाढवत न्या, दहा मिनिटांत होतो.
– काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत हळूहळू जाणारा पट्टा. हा पेंटमध्ये नीट होत नाही, पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर ग्रेडियंट भरून घ्या.
– मराठी मजकुराचं एक पान, १० पॉइंटमध्ये. त्यात रफार, अनुस्वार, ष्ट्र, र्द्र, ङ असले शब्द मुद्दाम घाला. अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार आणि रफार वेगळे ओळखू येतात का, हे पुसटपणा पकडायला इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त कामाला येतं.

सगळं पीएनजीमध्ये सेव्ह करा. जेपीजीमध्ये बारीक रेघा एकमेकांत मिसळतात आणि चित्रच खराब निघतं.

निघण्याआधी लॅपटॉपवर नाइट लाइट बंद, एफ लक्स सारखं काही असेल तर ते बंद, एचडीआर बंद. नाइट लाइट चालू राहिला तर चांगला मॉनिटरही पिवळा दिसणारच, आणि ही चूक फार जणांकडून होते.

२) बंद आणि थंड असतानाच सुरुवात

विकणाऱ्याला फोनवरच सांगा की मी येईपर्यंत मॉनिटर बंद ठेवा. पोचल्यावर मागच्या जाळीला हात लावून बघा. गरम लागला तर तो तुमच्यासाठी आधीच तापवून ठेवलाय. कारण काही वाईट असेलच असं नाही, पण मग बंद करून किमान अर्धा तास थांबा, तोवर बाकीचं बघून घ्या.

बंद स्क्रीन मायक्रोफायबरने कोरडीच हलक्या हाताने पुसा, अगदीच डाग असेल तर कापडाचा कोपरा पाण्याने किंचित ओला करा. मग मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरका धरून बघा. ओरखडे, बोटाने दाबल्याचे खड्डे, आणि पांढुरके ढगासारखे पट्टे असे तीन प्रकार दिसू शकतात. ते ढग म्हणजे काच पुसायच्या स्प्रेने नाहीतर स्पिरिटने वरचं चमक कमी करणारं कोटिंग गेलेलं असतं आणि ते परत येत नाही. टॉर्चमध्येच दिसणारा बारीक ओरखडा चालेल, पण ढग नको, पांढऱ्या पानावर तो कायम डोळ्यासमोर राहतो.

सावधान: स्क्रीन बोटाने दाबून बघू नका. दाबून पिक्सेल सुधारतो म्हणणारे भेटतील, पण दाबल्यामुळे नवीन डाग पडलेले मी बघितलेत.

आता चालू करा आणि पहिला मिनिटभर नजर हलवू नका. जुन्या मॉनिटरमध्ये, साधारण २०१० च्या आसपासपर्यंतच्या, मागचा उजेड बारीक ट्यूबचा असतो, ज्याला सीसीएफएल म्हणतात, नंतरच्यात एलईडी. ट्यूबचा असेल तर सुरुवातीला अंधूक असणार आणि हळूहळू उजळणार, हे नॉर्मल आहे. पण या गोष्टी नॉर्मल नाहीत:

– चित्र येतं आणि दोन सेकंदांत काळं होतं, पण पॉवरचा दिवा चालूच राहतो. टॉर्च लावून बघितलं तर काळ्या स्क्रीनवर चित्र पुसट दिसतं. ट्यूब नाहीतर त्यांना वीज देणारा इन्व्हर्टर गेलाय.
– चालू होताना बराच वेळ लुकलुकतो आणि मग स्थिर होतो. बऱ्याचदा पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगलेले असतात. दुरुस्त होतं, पण किंमत त्या हिशोबाने सांगा.
– सुरुवातीला पडदा लालसर गुलाबी दिसतो आणि अर्ध्या तासानंतरही ती छटा जात नाही. ट्यूब थकल्यात.

गरम मॉनिटरवर यातलं बरंच काही लपून जातं, म्हणून थंड सुरुवातीचा एवढा आग्रह. मी स्वतः एक २२ इंची असाच घेतला होता, दुकानात तासभर चालू असलेला बघितला, एकदम छान. घरी रोज सकाळी चालू केला की दहा मिनिटं लुकलुकायचा, शेवटी बोर्ड बदलावा लागला.

सावधान: आत काय झालंय बघायला स्वतः उघडू नका. इन्व्हर्टरवर शेकडो व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, आणि ट्यूबमध्ये पारा असतो.

३) जोडणी आणि रिझोल्यूशन

आधी डिजिटल केबल, म्हणजे एचडीएमआय, डीव्हीआय किंवा डिस्प्लेपोर्ट. विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले आणि मग ॲडव्हान्स्ड डिस्प्ले उघडा. तिथे डेस्कटॉपचं रिझोल्यूशन आणि मॉनिटरला प्रत्यक्ष जाणाऱ्या सिग्नलचं रिझोल्यूशन असे दोन आकडे दिसतात, दोन्ही मॉनिटरच्या मूळ आकड्याशी जुळले पाहिजेत. एकच जुळवून लोक पुढे जातात आणि मग अक्षरं पुसट का म्हणून विचारतात. स्केल १०० टक्के ठेवा.

फक्त व्हीजीए असेल तर बुद्धिबळाचा पट पूर्ण स्क्रीनवर लावा आणि त्यानंतरच मॉनिटरचं ऑटो ॲडजस्ट बटण दाबा. इथेच सगळे चुकतात, काळ्या वॉलपेपरवर ऑटो दाबतात, मॉनिटरला चित्राची कड सापडत नाही आणि तो चुकीचं जुळवून बसतो. दाबल्यावर पट सपाट राखाडी दिसला पाहिजे. त्यात उभे पुसट पट्टे किंवा थरथर दिसली तर मेन्यूमध्ये क्लॉक आणि फेज असतात: पट्टे असतील तर आधी क्लॉक, थरथर असेल तर फेज, एकेक पायरी हलवत न्या.

चेक: आता मराठीचं पान उघडा. अनुस्वार गोल आणि सुटा, रफार वेगळा दिसतोय का? अक्षरांच्या कडेला पांढरी रेघ दिसत असेल तर मॉनिटरचा शार्पनेस वाढवून ठेवलाय, तो मधल्या नाहीतर फॅक्टरीच्या आकड्यावर आणा. तरी खटकत असेल तर स्टार्टमध्ये क्लिअरटाइप (विंडोजचं अक्षरं नीट दिसायला जुळवायचं टूल) शोधून ते एकदा चालवा.

४) रीसेट, मग हात बांधून बसा

मॉनिटरच्या मेन्यूतून फॅक्टरी रीसेट करा. आधीच्या मालकाने किंवा विकणाऱ्याने काय काय फिरवून ठेवलंय ते आपल्याला माहीत नसतं. रीसेटनंतर डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद, इको मोड बंद, मूव्ही गेम असले मोड बंद, स्टँडर्ड किंवा यूझर मोड, कलर टेंपरेचर ६५०० के असेल तर ते.

कॉन्ट्रास्टला आत्ता हात लावू नका. एलसीडीत ब्राइटनेस बहुतेक वेळा मागचा उजेड कमी जास्त करतं, कॉन्ट्रास्ट वाढवला की फिकट छटा पांढऱ्यात बुडून जातात. चित्र "उठावदार" दिसावं म्हणून दुकानात नेमका तोच वाढवलेला असतो.

आता ३० मिनिटं चालू राहू द्या. या वेळात एक काम करून घ्या: कंट्रोल माय मॉनिटर नावाचं छोटं फुकट सॉफ्टवेअर घरून पेनड्राइव्हवर न्या. त्यात मॉनिटरने दिलेल्या आकड्यांच्या यादीत सी झिरो हा कोड असेल तर तो एकूण वापराचे तास सांगतो. सगळे मॉनिटर देत नाहीत, काही चुकीचंही देतात, पण मिळाला तर मोलाचा. दिवसाला ८ तास, वर्षाला ३०० दिवस, ५ वर्षं म्हणजे १२००० तास, हा ऑफिसचा साधा वापर झाला. पण एखाद्या कंट्रोल रूममध्ये रात्रंदिवस चालणारा मॉनिटर एका वर्षातच ८७६० तास चालतो. ट्यूबचा उजेड निम्म्यावर यायला साधारण ३० ते ५० हजार तास धरतात, म्हणजे वर्षापेक्षा तास महत्त्वाचे.

५) जे कधीच सुधारणार नाही ते

अर्धा तास झाला की खरी तपासणी. चित्रं फुल स्क्रीनवर लावा आणि याच क्रमाने बघा.

पहिलं, मधला राखाडी. लोक पांढरा आणि काळा बघतात आणि राखाडी सोडतात, पण स्क्रीनचा इतिहास राखाडीवरच दिसतो. एका हिशोबाच्या ऑफिसमधून आलेला मॉनिटर मी बघितला होता, पांढऱ्यावर स्वच्छ, व्हिडिओवर स्वच्छ. राखाडी लावला आणि खाली टास्कबारचा पट्टा, डाव्या बाजूला मेन्यूच्या ओळी एकाखाली एक, उजवीकडे वर बंद करायच्या बटणाचा चौकोनसुद्धा. शब्द वाचता येत नव्हते, पण ओळी मोजता येत होत्या. विकणारा म्हणेल की चालवलं की जातं. तात्पुरता ठसा असेल तर हलती चित्रं रात्रभर लावून कमी होतो हे खरं, पण वर्षानुवर्षांचा जाईल याच्या भरवशावर पैसे देऊ नका.

राखाडीवरच उजेडाची समानताही बघा. कडा किंचित गडद असणारच, पण एक कोपरा ठळक काळवंडलेला, मध्ये तपकिरी पिवळा डाग, किंवा स्क्रीनवरची विंडो सरकवताना मळकट पट्टे दिसत असतील तर नको. गडद राखाडीवर परत एकदा.

मग पिक्सेल. पांढऱ्यावर काळे ठिपके शोधा, काळ्यावर चमकणारे, आणि लाल, हिरव्या, निळ्यावर त्या रंगात न पेटणारे. स्क्रीनचे मनातल्या मनात नऊ चौकोन करा आणि एकेक चौकोन जवळून बघा, सगळीकडे एकदम नजर फिरवली की निसटतो. कडा पुसट असलेला ठिपका पिक्सेल नसतो, आतल्या थरात गेलेली धूळ असते. मोबाइलचा कॅमेरा झूम करून जवळ नेला की फरक कळतो. कोपऱ्यातला एखादा मेलेला पिक्सेल मी घेईन, मधोमध कायम चमकणारा हिरवा घेणार नाही. उभी किंवा आडवी पूर्ण रेघ असेल तर तिथेच थांबा, कितीही स्वस्त असो.

शेवटी काळा, आणि इथे चादर. दुकानातल्या ट्यूबलाइटमध्ये काळं तपासून काही उपयोग नाही. दिवे बंद करायला सांगा, नाही जमलं तर मॉनिटर आणि तुमचं डोकं दोन्ही चादरीखाली घ्या, लोक बघतील, बघू द्या. ब्राइटनेस ५० च्या आसपास ठेवा. कडेतून आत येणारा उजेडाचा भपका एकाच जागी पिवळट पांढरा दिसला आणि डोकं हलवूनही जागचा हलला नाही तर तो पॅनेलच्या फिटिंगचा दोष आहे. आयपीएसमध्ये कोपऱ्यात जी चमक दिसते आणि डोकं हलवलं की बदलते ती त्या पॅनेलचा स्वभाव आहे, दोष नाही.

सावधान: काळ्या स्क्रीनचा ऑटो मोडमधला मोबाइल फोटो बघून निर्णय घेऊ नका. अंधारात कॅमेरा एक्सपोजर वाढवतो आणि थोडासा भपकासुद्धा वणवा वाटतो. ऑनलाइन विकणारे बऱ्याचदा उलट, भर उजेडात फोटो काढतात.

६) छटा, पांढरा रंग आणि कोन

काळ्यावरचे चौकोन: मंद उजेडात १० चा पुसट का होईना दिसला पाहिजे, १५ आणि २० नक्कीच. २० सुद्धा गायब असेल, किंवा उलट काळंच राखाडी धुरकट असेल, तर पॅनेलला दोष देण्याआधी एचडीएमआयची रेंज बघा. लॅपटॉप ० ते २५५ पाठवतो आणि मॉनिटर टीव्हीसारखं १६ ते २३५ समजतो, किंवा याच्या उलट. ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये फुल आणि लिमिटेड असं असतं, बदलून बघा, एका क्लिकमध्ये दुसराच मॉनिटर वाटतो.

पांढऱ्यावरचे चौकोन: २४५ दिसायलाच हवा. दिसत नसेल तर कॉन्ट्रास्ट थोडा खाली आणा. ग्रेडियंटमध्ये पायऱ्या दिसल्या तर स्वस्त टीएनमध्ये ते थोडं असतंच, कारण ते मुळात ६ बिटचे असतात, म्हणजे छटा कमी दाखवतात. ऑफिसच्या कामाला काही फरक पडत नाही.

पांढरा रंग: मोबाइलवर पांढरं चित्र लावा, त्याचा आय कम्फर्ट बंद, डिस्प्ले नॅचरल मोडला, आणि शेजारी धरा. मोजमाप नाही हे, पण पिवळेपणा आणि गुलाबीपणा लगेच कळतो. यूझर मोडमध्ये लाल किंवा हिरवा कमी करून तो काढता येतो, फक्त तेवढा उजेड जातो. म्हणून लगेच पुढचा चेक.

चेक: ब्राइटनेस १०० ला नेऊन पांढरं पान लावा. नवीन मॉनिटर १०० वर घरात डोळ्यांना खुपतो, आपण तो ३० ते ५० वर वापरतो. जुना १०० वर जेमतेम बरा वाटत असेल तर त्याच्यात पुढच्या वर्षांसाठी काही शिल्लक नाही. हा एक चेक मी कधीच सोडत नाही.

कोन: समोरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून बघा. टीएन खालून काळपट पडतो, चेहरे निगेटिव्हसारखे होतात. व्हीए बाजूने फिकट पडतो. आयपीएस बराचसा तसाच राहतो. यावरून स्टिकरवर काही लिहिलेलं नसलं तरी पॅनेल ओळखता येतं, आणि "आयपीएस आहे" म्हणून टीएन विकत असतील तर तेही. मॉनिटर उभा फिरवून कोड वाचायचा असेल तर टीएन घेऊच नका, वरखालचा कोन डावाउजवा होतो आणि दोन डोळ्यांना दोन रंग दिसतात.

७) लुकलुक

ब्राइटनेस २० वर आणा, पांढरं पान लावा आणि समोर पेन्सिल पटपट हलवा. पंख्यासारख्या सुट्या सुट्या पेन्सिली दिसल्या तर मागचा उजेड चालू बंद करून कमी केला जातोय. एकसंध पुसट दिसली तर बरं. मग ब्राइटनेस १०० ला तेच करा, तिथे बऱ्याचदा जातं. डोकेदुखीचा त्रास असलेल्यांनी आणि मुलांच्या अभ्यासासाठी घेणाऱ्यांनी हे बघाच, पाच सेकंदांचं काम आहे.

हलत्या मजकुरासाठी काळ्या पानावरची पांढरी अक्षरं स्क्रोल करा. व्हीएमध्ये अक्षरांमागे काळी शेपटी राहते. वाचनाला चालतं, गेमिंगवाल्यांना खटकेल.

८) घ्यायचा की नाही

पूर्ण रेघ, पक्का ठसा, १०० ब्राइटनेसलाही अंधूक, न जाणारा गुलाबीपणा, दोन सेकंदांत बंद: यातलं एक जरी असलं तरी परत. कोपऱ्यातला पिक्सेल, बारीक ओरखडा, थोडा भपका, मोडका स्टँड: हे किमतीत बोला. फोटो छापण्याचं काम करत असाल तर डोळ्यांवर विसंबू नका, कोणाकडून कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजायचं यंत्र) उसना आणून मोजा.

बिलावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून घ्या, आणि बदलून देण्याची मुदत किमान सात दिवस, तीही लेखी.

९) घरी पहिला आठवडा

गाडीवरून आणताना स्क्रीनवर पुठ्ठा ठेवा आणि उभाच धरून आणा, आडवा ठेवून वर पिशवी ठेवली की दाबाचा डाग पडतो. घरी पोचल्यावर लगेच चालू करू नका, पावसाळ्यात तर तासभर तसाच राहू द्या.

रोज सकाळी पहिल्यांदा चालू करतानाचा पहिला मिनिट बघायचा, सातही दिवस. एक दिवस सलग सहा सात तास चालवायचा, आणि शेवटी लगेच राखाडी चित्र लावून ठसा उमटतोय का बघायचं. रात्री दिवे बंद करून काळा परत एकदा, कारण घरासारखा अंधार दुकानात मिळत नाही. काही सापडलं तर त्याच दिवशी फोन करा, सातव्या दिवसाची वाट बघू नका. आणि जुळवलेले सगळे आकडे, ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, तिन्ही रंग, एका कागदावर लिहून मॉनिटरच्या मागे चिकटवा, घरात कोणीतरी रीसेट दाबतंच.